रिकामा दिवस

बेतवालीकडे जायचं तर आधी स्की दुरुस्तीच्या दुकानात शिरावं लागतं. वितळलेल्या मेणाचा वास नाकात भरून घ्यायचा आणि मागच्या लोखंडी जिन्याने वर चढायचं. वरची खोली एवढीशी. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतभर पसरलेला डोंगराचा नकाशा, आणि नकाशासमोर डावा पाय स्टुलावर सरळ ठेवून बसलेली ती. तो पाय गुडघ्यात वाकत नाही, याला अकरा वर्षं झाली. नवीन माणूस आधी पायाकडे बघतो, मग तोंडाकडे.

"पाय बघून झाला असेल तर बसा," ती म्हणते. माणूस ओशाळून बसतो, आणि पहिल्याच मिनिटाला बोलण्याची दोरी तिच्या हातात येते.

धंदा म्हणाल तर स्कीच्या सहलींचे बेत आखायचे. मात्र तिच्याकडे येणारे लोक एका विशिष्ट जातकुळीचे. स्की अशी येते की बघणाऱ्याने बघत राहावं, आणि खिसा मात्र तुमच्याआमच्यासारखा. त्यांना हवा असतो ताजा, कुणी न तुडवलेला, मांडीपर्यंत पाय बुडेल असा भुसभुशीत बर्फ. ते त्याला पावडर म्हणतात आणि म्हणताना त्यांचे डोळे बदलतात. श्रीमंतांची सोय हेलिकॉप्टर करतं. उरलेल्यांची सोय बेतवाली करत असे.

कशी करायची तेही सांगायला हवं, कारण स्वस्त म्हटलं की लोकांना वाटतं कुठेतरी कुणालातरी फसवलं असणार. शाळांच्या सुट्ट्या संपल्या की पुढच्याच आठवड्यात ती गट बोलवायची. हॉटेल नाही, बेकरीच्या माडीवरच्या दोन खोल्या. खाली भट्टी, त्यामुळे फरशी फुकटात गरम. गाडी नाही, सरकारी बस. तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्याचं फक्त एका बाजूचं तिकीट. पाळणा संपतो तिथून पुढे स्कीखाली केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, म्हणजे मागे घसरायला होत नाही, आणि दोन तास चढायचं. "चढायला पैसे पडत नाहीत, फक्त दम पडतो," ती म्हणायची. आणि सगळ्यात मोठी बचत तिच्या डोक्यात होती. कुठल्या उताराकडे ऊन पाठ फिरवून असतं, वारा कुठे बर्फ आणून टाकतो, पडून आठ दिवस झाले तरी पावडर कुठे टिकते, हे तिला पाठ होतं. पंधरा वर्षं ती स्वतः गाइड होती. पुस्तक वाचून कुणी हे शिकलेलं नाही, आणि शिकलोय म्हणणाऱ्याच्या मागे कुणी जाऊही नये.

तिच्या प्रत्येक बेतात एक ओळ अशी असायची की गिऱ्हाईक तिथे बोट ठेवून विचारणारच. तारीख, आणि पुढे एकच शब्द. रिकामा.

"म्हणजे काय करायचं त्या दिवशी?"

"काही नाही. खिडकीत बसायचं. पाव खायचा."

"आणि पैसे?"

"पैसे द्यायचे."

हा रिकामा दिवस तिच्या धाकट्या भावाने आणला होता. अकरा वर्षांपूर्वी जोराचा बर्फ पडून गेल्यावर त्याच सकाळी ती एका गटाला घेऊन वर गेली होती, आणि उतारावरचा सगळा बर्फ तिच्यासकट सुटला. धाकट्याने तिला खणून काढलं. इस्पितळात ती शुद्धीवर आली तेव्हा तो उशाशी बसला होता. त्याने एवढंच म्हटलं, "ताई, बर्फ पडून थांबला की एक पूर्ण दिवस कुणी वर जायचं नाही. त्याला बसायला वेळ द्यायचा. तुझ्या कागदावर तो दिवस लिहीत जा, म्हणजे कुणाशी भांडायला नको." तेव्हापासून ती बेत आखायची आणि धाकटा गटांना वर न्यायचा. बर्फ पडला की रिकामा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवशी सरकवायचा, न पडला तर आरामाला. इतकी साधी गोष्ट. पण कागदावर होती म्हणून धाकट्याला वर डोंगरावर कुणाची मनधरणी करावी लागत नव्हती. तो कागद दाखवायचा. "माझ्या हातात काही नाही, ताईचा बेत आहे," म्हणायचा आणि हसायचा.

त्या वर्षी हिवाळा कोरडा गेला. महिनाभर कडाक्याची थंडी, वर बर्फाचा जेमतेम थर. अशा थंडीत जुना बर्फ आतून सुटा होतो, साखरेच्या दाण्यासारखा, आणि वर पडलेला नवा थर धरून ठेवत नाही. तेवढ्यात दातांच्या डॉक्टरचा फोन आला. पाच जणांचा गट, सगळे मुरलेले. डॉक्टर तर तरुणपणी शर्यतींत उतरलेला.

"बेत आवडला," डॉक्टर म्हणाला, "पण तो रिकामा दिवस काढा. आम्ही नवखे नाही, बाई."

"नवखे असता तर मी तुम्हाला घेतलंच नसतं. दिवस राहील."

"मग आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल. तिथे चार दिवसांत चार दिवस स्की देतायत. आणि तिकडचा माणूस म्हणतो, तुमच्याकडेच शिकलाय तो."

इथे तिचं डोकं फिरलं. तिकडच्या माणसाला सगळे चकाचक म्हणत. दोन हिवाळे याच खोलीत बसून त्याने तिचा नकाशा वहीत उतरवून घेतला होता आणि आता काचेच्या दुकानात बसून तिचेच उतार तिच्यापेक्षा स्वस्तात विकत होता. गट गेला असता तर काही आभाळ कोसळत नव्हतं. बेकरीवाली पुढच्या गटासाठी थांबली असती, धाकट्याने चार दिवस दुकानात स्कीच्या कडा घासल्या असत्या. पण चकाचकने आपल्याच बेतावर आपल्याला हरवायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना. लोक म्हणतात माणूस लोभाने चुकतो. कितीतरी माणसं ताठ मानेपायी चुकतात, आणि त्याचा कुठे हिशेब होत नाही.

तिने पट्टी घेतली, त्या ओळीवर सरळ रेघ मारली आणि फोनमध्ये म्हणाली, "चार दिवस, चारही दिवस स्की. चौथ्या दिवशी चारच्या बसने परत."

संध्याकाळी धाकटा आला, स्की भिंतीला टेकवल्या, कागद वाचला.

"ताई, रिकामा कुठाय?"

"लागत नाही. आठवडाभर आभाळ स्वच्छ सांगितलंय."

"आणि पडला तर?"

"पडायचा तो महिनाभर पडला नाही, आता तुझ्या डॉक्टरसाठी पडणारे?"

त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. "तू म्हणतेस तर ठीक आहे," म्हणाला आणि कागद चार घड्या करून खिशात ठेवला. हे "तू म्हणतेस तर" पुढे तिच्या कानातून कधी गेलं नाही.

पहिले तीन दिवस गटाच्या नशिबी घट्ट, खरवडलेला बर्फ आला. धाकटा त्यांना नकाशातल्या एकेका कोपऱ्यात घेऊन गेला, ताज्याचा मागमूस नाही. डॉक्टर तोंडाने काही बोलत नव्हता, पण जेवताना चमचा आपटायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी ढग आले. अंधार पडताना बर्फ सुरू झाला आणि पहाटेपर्यंत मांडीभर पडला. मग आभाळ असं निळं झालं की वेड लागावं.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला धाकट्याचा फोन आला. तो बेकरीच्या पायऱ्यांवर उभा होता, मागे गटाची गडबड ऐकू येत होती. पाचही जण लग्नाला निघाल्यासारखे तयार.

"ताई, हे थांबत नाहीयेत. आणि मला आज वर जायचं नाहीये."

"मग?"

"एक रात्र वाढवता येईल का? खोल्यांचं विचारतेस? उद्याही चारची बस आहे. उद्या सकाळी पहिल्या पाळण्याने नेतो, चारच्या आत खाली उतरवतो. काहीतरी कर."

ती पलंगावर बसली होती. पाय खाली सोडायचा बाकी होता. तिला चमचा आपटणारा डॉक्टर दिसला, त्याचं तोंड दिसलं, आणि त्याच्या मागे चकाचकचं हसणं ऐकू आलं. बघा, शेवटी रिकामा दिवस घुसडलाच.

"डॉक्टरचा दवाखाना आहे उद्या," ती म्हणाली. "ते थांबायचे नाहीत. असं कर, वर जा, खड्डा खणून बर्फाचे थर बघ. तू तिथे आहेस. तू ठरव."

मागे गटातल्या कुणीतरी त्याला हाक मारली.

"बरं," धाकटा म्हणाला.

यात खोटं काही नव्हतं. वर असलेल्या माणसानेच ठरवायचं, हा गाइडांचा जुना नियम. पण ज्याच्या हातातून नाही म्हणण्याचा कागद तिने स्वतःच काढून घेतला होता, त्यालाच ती आता म्हणत होती, तू ठरव. फोन ठेवल्यावर तिला ते कळलं. तिने परत फोन उचलला नाही. चहा ठेवला.

साडेअकराला उतार सुटला. धाकट्याने गटाला एका खडकाआड उभं केलं होतं. "मी आधी जातो. खाली पोचून हात वर केला की एकेक करून या," असं सांगून तो निघाला. तिसऱ्या वळणाला त्याच्या वर, डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक भेग पळत गेली. गटाने चुकीचं काही केलं नाही, हेही सांगायला हवं. गाडलेल्याचा ठाव सांगणाऱ्या छातीवरच्या यंत्रांनी त्यांनी जागा शोधली आणि पाचही जण खणत राहिले. डॉक्टरची नखं उखडली. धाकट्याला वर काढेपर्यंत पाऊण तास गेला. एवढ्या वेळात काही उरत नाही.

आठव्या दिवशी गाइडांच्या संघाची बैठक भरली.

संघाची खोली म्हणजे पाळण्याच्या तळाशी असलेली जुनी यंत्रशाळा. आत एक लांब भिंत, आणि भिंतीवर ओळीने लाकडी खुंट्या. गाइड झालेल्या प्रत्येकाची एक. त्यावर त्याचा दोर टांगलेला असतो. माणूस म्हातारा झाला, लंगडा झाला, तरी खुंटी राहते. डोंगरावर जीव गेला तर दोर तसाच टांगून ठेवतात आणि त्याखालून जाताना लोक टोपी काढतात. फक्त जो स्वतःच्या चुकीने गेला त्याची खुंटी उपटतात, भोकात लांबी भरतात आणि वरून रंग देतात. अशा चार जागा आहेत. रंगाखाली काही दिसत नाही, पण डोळे मिटून कुणीही त्यांवर बोट ठेवेल. त्या माणसांच्या पोरांना या गावात कुणी बापाचं नाव विचारत नाही.

धाकट्याची खुंटी उजवीकडून सहावी. तिच्या शेजारची बेतवालीची. दोघांचे दोर लाल, एकाच गुंडाळीतून कापलेले.

संघाचा अध्यक्ष आठबोट्या. दोन बोटं थंडीने खाल्ली, बाकी माणूस सरळ. भिंतीला लागून वीसेक गाइड उभे होते. पहिल्या बाकावर धाकट्याची बायको, मांडीवर हात ठेवून. दुसऱ्या टोकाला दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेला डॉक्टर, मुद्दाम परत आलेला. बेतवाली मागे उभी राहिली. बसलं की पाय वाटेत येतो.

आठबोट्याने धाकट्याच्या कोटात सापडलेली वही उघडली. गाइडाने उतारावर जाण्याआधी खड्डा खणायचा, थर बघायचे आणि लिहायचे असतात.

"वाचतो," तो म्हणाला. "खड्डा छातीएवढा. वर दीड हात ताजं. खाली साखर. फावडं ठोकलं, तिसऱ्या ठोक्याला वरचं सरकलं." त्याने वही खाली केली. "तिसऱ्या ठोक्याला. आपल्यातला कालचा शिकाऊसुद्धा इथून मागे फिरतो."

धाकट्याच्या बायकोने हात उलटे केले आणि तळव्यांकडे बघत राहिली.

"त्याने बघितलं, लिहिलं आणि तरी गेला," आठबोट्या म्हणाला. "मला माझ्या पोरासारखा होता. पण नियम माझ्यासाठी वेगळा नाही. डॉक्टर, तुम्ही त्याला जा म्हणालात?"

"नाही," डॉक्टर म्हणाला. "पण थांबू या असंही म्हणालो नाही. आम्ही सगळे नुसते त्याच्याकडे बघत होतो. बघणंही पुरे होतं बहुतेक."

"म्हणजे ठरवलं त्याने."

"पुढची ओळ वाच," बेतवाली मागून म्हणाली.

"काय?"

"वहीत पुढे ओळ आहे. माझ्या भावाचं अक्षर मला इथूनही दिसतं. वाच."

आठबोट्याने चष्मा वर केला. "बस चारला," त्याने वाचलं. "एवढंच आहे. त्याचा काय संबंध?"

ती पुढे आली. फरशीवर तिच्या पायाचा घासत जाणारा आवाज झाला. तिने पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर ठेवला. चार घड्या पडलेला, ओला होऊन वाळलेला. धाकट्याच्या खिशातून निघालेला.

"ही रेघ बघ. पट्टीने मारलीय, सरळ. इथे त्याचा रिकामा दिवस होता. अकरा वर्षं होता. मी काढला. त्याने विचारलं, कुठाय, तर मी त्याला हवामान सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी सहाला त्याने मला फोन केला, मला आज जायचं नाही म्हणाला. एक रात्र वाढव म्हणाला. मी कुणाला विचारलं नाही. तू ठरव म्हणाले."

"मला कुणी विचारलं नव्हतं," डॉक्टर हळूच म्हणाला.

"विचारलं असतं तर थांबला असता?"

डॉक्टरने पट्ट्यांकडे बघितलं. "खरं सांगू? बहुतेक नसतो."

"बघा," ती म्हणाली. "निदान हा खरं बोलतो."

"पण डोंगरावर ठरवणारा एकच असतो, बाई," आठबोट्या म्हणाला. आवाजात चीड नव्हती, थकवा होता. "हा नियम सोडला तर उद्या प्रत्येक जण खाली बसलेल्याकडे बोट दाखवेल."

"दाखवू दे की. खाली बसलेल्याकडे आजवर कुणी बोट दाखवलं नाही म्हणून तर तो मजेत बसलाय." तिचा आवाज चढला. "गट किती दिवसांचा, बस कधीची, खोली किती रात्रींची, हे सगळं खाली खुर्चीत बसून ठरतं. वरच्याला उरतं काय? तिसरा ठोका. त्याच्यासाठी सगळ्या वाटा आम्ही बंद करायच्या, आणि उरलेल्या एका वाटेने तो गेला की म्हणायचं, त्याने ठरवलं. भिंतीवरच्या त्या चार जागांपैकी किती जणांच्या खिशात असा कागद होता, बघितलंय कुणी?"

भिंतीजवळच्या एका वयस्कर गाइडने टोपी हातात घेतली आणि उगाच तिची कड चाचपली.

"खुंटी उपटायची तर उपटा," ती म्हणाली. "पण मोजून बरोबर उपटा. सहावी नाही. पाचवी."

पाचवी तिची.

खोलीत कुजबूज झाली. खुंटी गेली म्हणजे संघातून नाव गेलं. तिच्या बेतावर इथला एकही गाइड यापुढे पाऊल टाकणार नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं आणि तिला सगळ्यात आधी. आठबोट्याने हात वर करायला सांगितलं. धाकट्याची राहावी म्हणून सतरा हात वर झाले. बेतवालीची काढावी म्हणून तितकेच झाले असतील. तिने मोजले नाहीत.

हातोडा तिनेच मागून घेतला. दोर काढून खांद्यावर टाकला. खुंटी जुनी होती, दोन ठोक्यांत हलली आणि तिसऱ्याला निघून आली. तिचा हात तिथेच थांबला. मग कुणीतरी लांबीचा डबा पुढे केला. तिने अंगठ्याने भोक भरलं.

"घासून रंग देऊन घेऊ उद्या," आठबोट्या म्हणाला.

"रंग देऊ नका. दिसू दे."

बाहेर आल्यावर धाकट्याची बायको तिच्यापाशी थांबली. रडून झालेले डोळे होते, आता नुसते कोरडे.

"वन्सं, त्याची खुंटी राहिली. बरं झालं."

"हं."

"पण त्या दिवशी त्याचा फोन झाला होता, हे तुम्ही मला आठ दिवस सांगितलं नाहीत. घरी येऊन माझ्या शेजारी बसत होतात, माझा हात धरत होतात." तिने शाल ओढून घेतली. "आता काही दिवस येऊ नका."

"बरं," बेतवाली म्हणाली. आपण धाकट्याच्याच आवाजात बोललो हे तिला कळलं, आणि दोर खांद्यावरून खाली आला तो तिने उचलला.

चढ उतरून ती बसथांब्यापर्यंत आली. बस उभी होती. डॉक्टर खिडकीशी बसला होता, पट्ट्यांचे हात मांडीत, बाकी सगळी बस मोकळी. चारला ड्रायव्हरने दार लावलं. मिनिटही इकडेतिकडे केलं नाही.

समोरच्या बेकरीच्या दारात बेकरीवाली पिठाचे हात पुसत उभी होती. बस वळणाआड जाईपर्यंत तिने वाट बघितली, मग रस्ता ओलांडून आली.

"ऐकलं काय झालं ते," ती म्हणाली. "एक विचारू? त्या सकाळी तो माझ्या पायऱ्यांवर उभा राहून फोनवर बोलत होता. मी आत भट्टीपाशी होते. खोल्यांचं काहीतरी चाललं होतं ना?"

"एक रात्र वाढवून हवी होती त्याला."

"अगं, खोल्या मोकळ्याच होत्या. त्या रात्री, दुसऱ्या रात्री, आख्खा आठवडा. मी एक पैसा मागितला नसता. दार उघडून विचारायचं ना."

"त्याने मला सांगितलं होतं विचारायला," बेतवाली म्हणाली.

बेकरीवाली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पायाकडे बघितलं, आणि तिला बसायला सांगितलं नाही.